जुन्या लॅपटॉप व डेस्कटॉप ग्राफिक कार्डांची तुलना कशी करावी : पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्यांसाठी

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास पुण्यात जुन्या संगणकांची खरेदी-विक्री वाढते. एकीकडे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप ‘रिफर्बिश्ड’ म्हणून दुकानांत येतात. दुसरीकडे नवे कार्ड घेतलेली मुले आपले जुने कार्ड विकायला काढतात. बाहेरगावाहून अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा ॲनिमेशन शिकायला आलेला विद्यार्थी या दोन्हींच्या मधोमध उभा असतो आणि त्याच्यासमोर बहुतेक जाहिराती एकच वाक्य ठेवतात : ‘आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड.’ या वाक्यातील शेवटच्या चार शब्दांवरून कार्डाची ताकद कळत नाही. चार जीबी डीडीआर३ मेमरी असलेले जीफोर्स ९४०एमएक्स आणि चार जीबी जीडीडीआर५ मेमरी असलेले जीटीएक्स १०५० टीआय ही दोन्ही कार्डे त्या वर्णनात बसतात. मात्र पहिल्याची मेमरी सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती वाहून नेते आणि दुसऱ्याची ११२ जीबी. सातपटीचा हा फरक जाहिरातीत कुठेच दिसत नाही.

म्हणून पुढील पायऱ्या एका क्रमाने दिल्या आहेत. घाई असली तरी दुसरी, तिसरी आणि शेवटची पायरी वगळू नये.

पहिली पायरी : काम ठरवावे

प्रोग्रॅमिंग, वेबसाइट, जावा, पायथनचे प्राथमिक धडे आणि ऑटोकॅडमधील द्विमितीय आराखडे यांसाठी वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. ज्याचा अभ्यासक्रम एवढाच आहे त्याने कार्डावरचे पैसे एसएसडी आणि रॅमवर घालावेत, हे माझे ठाम मत आहे. त्रिमितीय मॉडेलिंग, ब्लेंडरमधील रेंडरिंग, व्हिडिओ संपादन, मशीन लर्निंग आणि खेळ यांना कार्डाचा खरा उपयोग होतो. त्यातही गरजा वेगळ्या असतात. मशीन लर्निंगची बरीचशी प्रचलित सॉफ्टवेअरे एनव्हिडिया (जीफोर्स कार्डांची कंपनी) हिच्या कूडा या, कार्डाकडून गणिते करून घेणाऱ्या प्रणालीवर बेतलेली असल्याने तिथे प्रतिस्पर्धी एएमडीचे जुने कार्ड नवशिक्याला फार त्रास देते. खेळांसाठी मात्र तेच एएमडी कार्ड कमी पैशांत जास्त काम देऊ शकते. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने कार्डात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओची फाइल वेगाने बनवणारा भाग) आहे का हे आधी पाहावे. जीटी १०३० आणि त्याचे लॅपटॉपमधील भावंड एमएक्स१५० यांत तो नाही, तर १०५० टीआयमध्ये आहे.

दुसरी पायरी : कार्डाचे पूर्ण नाव आणि चिप शोधावी

विक्रेत्याला ‘कितीचे ग्राफिक आहे’ असे विचारू नये. ‘कार्डाचे पूर्ण नाव सांगा आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवा’ असे सांगावे. जीपीयू-झेड हे छोटेसे मोफत साधन आहे आणि ते काही मिनिटांत उतरवून चालवता येते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसते खरे, पण तिथे चिप (कार्डावरचा मुख्य प्रोसेसर), मेमरीचा प्रकार आणि बसची, म्हणजे चिप व मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गाची, रुंदी दिसत नाही, आणि तुलना तर याच तीन गोष्टींवर उभी असते.

नाव वाचण्याची रीत सोपी आहे. जीटीएक्स १०६० यातील १० ही पिढी आणि ६० ही त्या पिढीतील पायरी. पिढी नवी असली म्हणजे कार्ड वेगवान असेलच असे नाही. जुन्या पिढीतले ७० हे नव्या पिढीतल्या ५० च्या पुढे असू शकते. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपर्यंत लॅपटॉपच्या बहुतेक कार्डांना शेवटी ‘एम’ अक्षर असे. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीपासून हे अक्षर गळले आणि लॅपटॉप व डेस्कटॉप दोन्हींत जीटीएक्स १०६० हेच नाव येऊ लागले. २०१७ मध्ये पातळ लॅपटॉपांसाठी ‘मॅक्स-क्यू’ ही कमी विजेवर चालणारी आवृत्ती आली. आरटीएक्स ३० मालिकेपासून नावाच्या शेवटी ‘लॅपटॉप जीपीयू’ असे शब्द येतात, पण जाहिरात देणारे ते शब्द सहसा गाळतात.

कंपन्यांनी काढलेल्या लॅपटॉपांत व वर्कस्टेशनमध्ये पुष्कळदा खेळांसाठीच्या जीफोर्सऐवजी एनव्हिडियाचेच, व्यावसायिक कामांसाठीचे क्वाड्रो कार्ड असते. ते नाव पाहून काहींना ते फार भारी वाटते, तर काही जण ‘हे गेमिंगचे नाही’ म्हणून सोडून देतात. दोन्ही निष्कर्ष चिप न पाहता काढलेले असतात. जीटीएक्स ७५० टीआय हे २०१४ सालचे डेस्कटॉप कार्ड, जीटीएक्स ९६०एम हे लॅपटॉपचे कार्ड, क्वाड्रो के२२०० हे डेस्कटॉप वर्कस्टेशनचे आणि क्वाड्रो एम१२०० हे लॅपटॉप वर्कस्टेशनचे कार्ड, या चारही ठिकाणी जीपीयू-झेड एकच चिप दाखवते : जीएम१०७, ६४० कोअर (चिपमधील गणिते करणारे छोटे घटक), १२८ बिट बस. मेमरीचा वेग ८० ते ८६ जीबी प्रतिसेकंद या टप्प्यात असतो. नावे चार, दुकानातल्या किमती चार, आणि आतले सामान जवळपास एक. क्वाड्रोचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) कॅड सॉफ्टवेअरांसाठी प्रमाणित केलेले असतात, त्यामुळे सॉलिडवर्क्ससारख्या कामात त्याचा फायदा मिळतो, पण खेळात किंवा रेंडरिंगमध्ये कोअर आणि मेमरी जेवढी, तेवढाच वेग. हा एक नमुना नीट लक्षात घेतला तर पुढची सगळी तुलना याच पद्धतीने करता येते.

तिसरी पायरी : सारख्या नावांची फसगत ओळखावी

या पायरीवर सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

पहिला प्रकार लॅपटॉप आणि डेस्कटॉपमधील तफावतीचा. डेस्कटॉपच्या जीटीएक्स ९६० मध्ये १०२४ कोअर आहेत, तर ९६०एम मध्ये वर सांगितल्याप्रमाणे ६४०, आणि चिपही वेगळी. डेस्कटॉपच्या ९७० मध्ये १६६४ कोअर, तर ९७०एम मध्ये १२८०. पास्कल पिढीत ही दरी बरीच बुजली. लॅपटॉपमधील १०६० मध्ये डेस्कटॉपच्या सहा जीबी कार्डाइतकेच १२८० कोअर आहेत आणि लॅपटॉपच्या १०७० मध्ये तर डेस्कटॉपच्या १९२० पेक्षा जास्त, म्हणजे २०४८ कोअर आहेत. जुना लॅपटॉप शोधताना जीटीएक्स १० मालिका मला विशेष समाधानकारक वाटते ती याच कारणाने. पुढे आरटीएक्स ३० मालिकेत दरी पुन्हा रुंदावली. डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८७०४ कोअर आहेत आणि ‘३०८० लॅपटॉप जीपीयू’ मध्ये ६१४४. चिपही वेगळी, लहान. डेस्कटॉपच्या ३०५० ला आठ जीबी मेमरी मिळाली, तर लॅपटॉपमधील नेहमी दिसणाऱ्या ३०५० ला चारच जीबी.

दुसरा प्रकार एकाच नावाखाली विकल्या गेलेल्या वेगवेगळ्या कार्डांचा. जीटीएक्स ८६०एम या नावाने दोन पिढ्यांच्या चिपा बाजारात होत्या : एक केप्लर या आधीच्या पिढीची ११५२ कोअरची, दुसरी मॅक्सवेल या नंतरच्या पिढीची ६४० कोअरची. आकडा मोठा असूनही पहिली अधिक तापते आणि ड्रायव्हरच्या दृष्टीनेही जुनी आहे, म्हणून दुसरी घ्यावी. जीटी ७३० मध्ये ९६ कोअरची, केप्लरच्याही आधीच्या फर्मी पिढीची चिप असू शकते किंवा ३८४ कोअरची केप्लर. जीटी १०३० चा जीडीडीआर५ प्रकार सेकंदाला ४८ जीबी माहिती नेतो आणि डीडीआर४ प्रकार १६.८ जीबी; खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत फक्त ‘जीटी १०३० दोन जीबी’ असते. डेस्कटॉपच्या जीटीएक्स १०६० मध्येही तीन जीबीच्या कार्डात केवळ मेमरी अर्धी नाही, कोअरही ११५२ आहेत. एएमडीकडे आरएक्स ५६० हे ८९६ आणि १०२४ अशा दोन कोअरसंख्यांत मिळते, आणि आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ कोअरचा एक प्रकार फिरतो, जो मूळ २३०४ कोअरच्या कार्डापेक्षा आरएक्स ५७० ला जवळचा आहे.

तिसरा प्रकार शुद्ध बनावटीचा. फर्मी काळातील जीटीएस ४५० सारख्या कार्डांची बायोस (कार्डात साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून ती विंडोजमध्ये ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून दिसतील अशी व्यवस्था केली गेली आणि अशी कार्डे फार मोठ्या प्रमाणावर विकली गेली. जीपीयू-झेडची नवी आवृत्ती अशी अनेक कार्डे ओळखते आणि नावाआधी ‘फेक’ असा शब्द दाखवते. आणखी एक खूण डोळ्यांनीच कळते : पास्कल पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांतून ॲनालॉग व्हीजीए संकेत निघत नाही. त्यामुळे एखाद्या ‘१०५० टीआय’ कार्डाच्या पाठीमागे निळे व्हीजीए पोर्ट असेल, तर ते कार्ड हातातून खाली ठेवावे.

चौथी पायरी : आकडे कागदावर मांडावेत

तुलनेसाठी प्रत्येक यंत्राचे पाच रकाने पुरतात : चिप, कोअर, मेमरीचा आकार, मेमरीचा वेग आणि वॅट.

मेमरीचा वेग स्वतः काढता येतो. बसची रुंदी आठने भागायची आणि येणाऱ्या संख्येला मेमरीच्या प्रभावी गतीने गुणायचे. १०५० टीआयची बस १२८ बिट आणि गती ७ गिगाबिट. १२८ भागिले ८ म्हणजे १६, गुणिले ७ म्हणजे ११२ जीबी प्रतिसेकंद. सहा जीबीच्या १०६० ची बस १९२ बिट आणि गती ८, उत्तर १९२. आठ जीबीच्या आरएक्स ५८० ची बस २५६ बिट आणि गती ८, उत्तर २५६. आता लॅपटॉपमधील ९५०एम घ्यावे. जीडीडीआर५ असेल तर त्याचे उत्तर ८० येते आणि डीडीआर३ असेल तर ३२. चिप तीच, कोअर तेवढेच, पण माहिती पोचतच नसल्याने दुसऱ्या प्रकारातले कोअर वाट पाहत बसतात. दोन लॅपटॉपांत बाकी सारे सारखे दिसत असेल, तर मेमरीचा हा एक रकाना निर्णय देतो.

कोअरसंख्येची तुलना मात्र एका पिढीच्या आतच करावी. जीटीएक्स ९८० मध्ये २०४८ कोअर आहेत आणि १०६० मध्ये १२८०, तरी खेळांत दोन्हींचा वेग जवळजवळ सारखा आहे, कारण पास्कलच्या चिपा बऱ्याच जास्त घड्याळगतीवर (क्लॉक स्पीडवर) चालतात. कंपनी बदलली की हा आकडा आणखी फसवा ठरतो. कोअर, घड्याळगती आणि दोन यांचा गुणाकार करून जो टेराफ्लॉपचा (सेकंदाला किती लाख कोटी गणिते होतात याचा) आकडा निघतो, तो आरएक्स ५८० साठी सुमारे ६.२ आणि १०६० साठी सुमारे ४.४ येतो. कागदावर एएमडी सव्वापटीहूनही पुढे दिसते, आणि प्रत्यक्ष खेळांत दोघे एकमेकांच्या आसपास राहतात. म्हणून पिढी किंवा कंपनी ओलांडून तुलना करायची असेल तर गणित बाजूला ठेवून चाचण्यांचे निकाल पाहावेत.

मेमरीच्या आकाराबद्दल एवढेच, की आज चार जीबीपेक्षा कमी मेमरीचे कार्ड मुद्दाम विकत घेऊ नये आणि मशीन लर्निंगसाठी किंवा मोठ्या ब्लेंडर दृश्यांसाठी सहा जीबीच्या खाली येऊ नये. मेमरी अपुरी पडली की काम संथ होते किंवा सुरूच होत नाही, आणि नंतर ती वाढवता येत नाही.

पाचवी पायरी : लॅपटॉपचे वॅट आणि थंड राहण्याची क्षमता पाहावी

डेस्कटॉपच्या कार्डाला किती वीज मिळेल हे बरेचसे ठरलेले असते. लॅपटॉपमध्ये ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ३०६० लॅपटॉप जीपीयूमध्ये ३८४० कोअर आहेत, म्हणजे डेस्कटॉपच्या ३५८४ पेक्षा जास्त, पण डेस्कटॉपला १७० वॅट मिळतात आणि लॅपटॉपच्या चिपला लॅपटॉपप्रमाणे ६० ते ११५ वॅट. त्यामुळे जास्त कोअर असूनही ती मागे राहते, आणि ६० वॅटचा लॅपटॉप ११५ वॅटच्या लॅपटॉपपेक्षा स्पष्टपणे हळू चालतो. एमएक्स१५० चेही तसेच : १० वॅट आणि २५ वॅट अशा दोन आवृत्त्या आहेत आणि नाव एकच.

आरटीएक्स लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशन पाहिले, की ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ हा आकडा मिळतो. त्याआधीच्या लॅपटॉपांत चार्जर लावून, जड चाचणी चालवून एचडब्ल्यूइन्फो या यंत्राची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनात किंवा जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर प्रत्यक्ष खर्च होणारे वॅट पाहावेत. चार्जर मूळचाच असावा, कारण कमी वॅटचा पर्यायी चार्जर लावलेला लॅपटॉप गुपचूप वेग कमी करतो आणि आपण दोष कार्डाला देतो. रॅमची एकच पट्टी असेल तर तीही लक्षात घ्यावी. अंतर्गत इंटेल किंवा एएमडी ग्राफिकवर चालणाऱ्या यंत्रात दोन पट्ट्या लावल्याने मोठा फरक पडतो, आणि वेगळे कार्ड असलेल्या लॅपटॉपांतही खेळ अडखळणे कमी होते.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो. वसतिगृहाच्या किंवा पेइंग गेस्टच्या बंद खोलीत लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि वातानुकूलित दुकानात ७५ अंश दाखवणारी चिप अशा खोलीत सहज ८५ च्या पुढे जाते. म्हणून दुकानातल्या तापमानात मनाशी दहा अंश मिळवूनच निर्णय घ्यावा. थर्मल पेस्ट बदलणे आणि पंखे साफ करणे हा लहान खर्च असतो आणि तो किमतीत धरून घ्यावा. पंख्याचा बेअरिंगमधून येणारा खरखराट मात्र पंखा बदलल्याशिवाय जात नाही.

सहावी पायरी : चाचण्यांचे निकाल वाचावेत

थ्रीडीमार्कच्या फायर स्ट्राइक आणि टाइम स्पाय या चाचण्यांचे निकाल जुन्या कार्डांसाठी भरपूर उपलब्ध आहेत. त्यातला ‘ग्राफिक्स स्कोअर’ वाचावा. एकूण गुणांत प्रोसेसरचे गुण मिसळलेले असतात. लॅपटॉपसाठी त्याच मॉडेलचा निकाल शोधावा, केवळ त्याच कार्डाचा नव्हे. खेळांच्या चाचणीत रिझोल्यूशन आणि ग्राफिक सेटिंग दोन्हीकडे सारखी आहेत का हे तपासावे आणि सरासरी फ्रेमसंख्येबरोबर (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांबरोबर) सर्वांत कमी फ्रेमचा आकडाही पाहावा. सरासरी ६० असून मधूनमधून २० वर उतरणारे कार्ड डोळ्यांना त्रास देते.

सातवी पायरी : कार्डाचे उरलेले आयुष्य विचारात घ्यावे

चिप चालू असली तरी कंपनीचा आधार संपलेला असू शकतो. एनव्हिडियाने केप्लर पिढीच्या डेस्कटॉप जीफोर्स कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९०० आणि १० मालिका, यांचे खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा येतील. कूडाच्या तेराव्या आवृत्तीतून या दोन्ही पिढ्या वगळल्या गेल्या आहेत. याचा अर्थ ती कार्डे उद्या बंद पडतील असा नाही. आज चालणारे ब्लेंडर किंवा खेळ पुढेही चालतील. पण मशीन लर्निंगसाठी नव्याने कार्ड घेणाऱ्याने १०६० च्या मोहात पडू नये; ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेपासून सुरुवात करावी. एएमडीच्या पोलारिस पिढीपूर्वीच्या, म्हणजे आरएक्स ४०० मालिकेआधीच्या, कार्डांचा आधार २०२१ मध्ये संपला आहे.

लॅपटॉपबाबत आणखी एक अडचण आहे, ती कार्डाची नाही पण कार्डाबरोबर विकत येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. ९६०एम किंवा एम१२०० असलेले बहुतेक लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत. असे यंत्र लिनक्सवर उत्तम चालेल, पण सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅडसाठी विंडोज हवेच असेल, तर ही बाब किंमत ठरवताना स्पष्टपणे बोलावी.

आठवी पायरी : डेस्कटॉपमध्ये कार्ड बसेल का ते मोजावे

कार्यालयांतून निघालेले छोटे डेस्कटॉप स्वस्त मिळतात आणि त्यात कार्ड घालण्याचा बेत अनेकांच्या मनात असतो. बेत चांगला आहे, फक्त तीन मोजमापे आधी घ्यावीत. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनची तार आणखी ७५ आणि आठ पिनची १५० वॅट देते. छोट्या डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या पेटीत) अशा तारा बहुधा नसतात. तिथे सहा पिन नसलेले १०५० टीआय, ७५ वॅटचे जीटीएक्स १६५०, अथवा क्वाड्रो पी१००० किंवा पी२००० ही निवड योग्य ठरते. पी१००० अरुंद कॅबिनेटमध्येही बसते. बाकीच्यांची उंची तपासावी. साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) तारेला अडॅप्टर लावून सहा पिन काढून देणारे दुकानदार भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण साटा जोडणी बारा व्होल्टवर ५४ वॅटच पेलू शकते आणि तिच्यावर ७५ वॅटचा भार टाकला तर जोडणी वितळण्याचा धोका खरा आहे.

स्लॉटचा वेगही पाहावा. २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार लेनवर (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांवर) चालते, त्यामुळे जुन्या तिसऱ्या आवृत्तीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर ते आपला वेग गमावते. जुन्या बोर्डासाठी सोळा लेनचे आरएक्स ५७० अधिक समंजस निवड आहे, अर्थात एसएमपीएस तेवढा दमदार असेल तर.

नववी पायरी : चालू करून, डोळ्यांसमोर तपासावे

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा शहरातील कोणत्याही जुन्या संगणकांच्या दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो आणि युनिजीन हेवन किंवा सुपरपोझिशन (कार्डावर भार टाकणाऱ्या चाचण्या) ठेवून जावे. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात किंवा अन्यत्र उघड्यावर, जिथे कार्ड चालवून दाखवण्याची सोयच नाही, तिथे कितीही स्वस्त मिळाले तरी कार्ड घेऊ नये.

आधी कार्ड हातात घेऊन पाहावे. पट्टीवरील स्क्रू झिजले आहेत का, अनुक्रमांकाचा स्टिकर आहे का, पाठीमागे चिपच्या भोवती तपकिरी डाग किंवा चिकट फ्लक्स (सोल्डरिंगसाठी वापरतात तो पदार्थ) दिसतो का. असा डाग बहुधा हीट गनने चिप तापवून कार्ड तात्पुरते जिवंत केल्याचा असतो आणि असे कार्ड थोड्याच काळात पुन्हा जाते. मग ते यंत्रात लावून जीपीयू-झेडचा प्रत्येक रकाना आपल्या कागदाशी ताडावा. त्यानंतर हेवन किमान वीस मिनिटे चालू ठेवावे. पडद्यावर रंगीत ठिपके, लुकलुकणारे त्रिकोण किंवा आडव्या रेघा दिसल्या तर मेमरी किंवा चिप बिघडलेली आहे. ‘ड्रायव्हर टाकला की जाईल’ या उत्तरावर विश्वास ठेवू नये. तापमान चढत जाऊन एका जागी स्थिरावले पाहिजे. पास्कलची डेस्कटॉप कार्डे मूळ सेटिंगमध्ये ८३ अंशांच्या सुमारास वेग आवरू लागतात, म्हणून तिथे घड्याळगतीचा आकडा खाली येतो का हेही पाहावे. फरमार्क ही चाचणी कार्डावर अनैसर्गिक भार टाकते, त्यामुळे दुसऱ्याच्या कार्डावर ती दोन-चार मिनिटांपेक्षा अधिक चालवू नये. शेवटी प्रत्येक एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टला मॉनिटर लावून पाहावा.

क्रिप्टो खाणकामात, म्हणजे कार्डाकडून सतत गणिते करवून आभासी चलन मिळवण्याच्या कामात, वापरलेल्या कार्डांविषयी बरीच भीती पसरलेली आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे ग्राफिक कार्डावरील खाणकाम बंद झाले आणि तेव्हापासून आरएक्स ५७०, ५८० आणि १०६० सारखी कार्डे बाजारात भरपूर आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठीक असते, कारण खाणकाम करणारे ती कमी व्होल्टवर चालवत. झिजलेले असतात ते पंखे आणि सुकलेले असतात ते थर्मल पॅड. एएमडीच्या कार्डांत बायोस बदललेली असण्याची शक्यता मोठी असते. काही मॉडेलांवर दोन बायोसमध्ये बदल करणारे छोटे बटण असते, ते दुसऱ्या बाजूला सरकवून मूळ बायोसवर कार्ड चालते का हे पाहावे. चाचणी उत्तीर्ण झाली आणि किंमत रास्त असली, तर केवळ खाणकामाच्या इतिहासापायी असे कार्ड नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

लॅपटॉप की डेस्कटॉप हा प्रश्न या तपासणीनंतरही उरतोच. सारख्या पैशांत जुना डेस्कटॉप जवळपास नेहमीच अधिक वेगवान कार्ड देतो आणि पुढे कार्ड बदलण्याची मुभाही ठेवतो. बहुतेक लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच जोडलेले असते आणि ते गेले तर बहुधा सगळे यंत्र जाते. मात्र ज्याला रोज महाविद्यालयात यंत्र न्यायचे आहे किंवा ज्याची खोली दरवर्षी बदलते, त्याने लॅपटॉपच घ्यावा आणि डेस्कटॉपच्या आकड्यांची आस सोडून द्यावी. घरी डेस्कटॉप घेणाऱ्याने यूपीएसचा खर्च आरंभीच धरावा, कारण पावसाळ्यात वीज जाणे-येणे नित्याचे असते आणि जुना एसएमपीएस ते फार काळ सोसत नाही.

व्यवहार ठरला की बिलावर ‘चार जीबी ग्राफिक कार्ड’ असे लिहू देऊ नये. कंपनी, मॉडेलचे पूर्ण नाव, मेमरीचा आकार व प्रकार आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि दुकानदार तोंडी देतो ती टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची, बदली मिळेल की पैसे परत मिळतील, हेही त्याच बिलावर त्याच्या सहीशिक्क्यासह घ्यावे. घरी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांतच, ती मुदत चालू असताना, आपल्या खोलीच्या तापमानात हेवनची चाचणी पुन्हा एकदा, या वेळी तासभर, चालवावी.